कंचेभागुबेव प्रमाणे आधी बेरीज केली तर उत्तर चूक कसं काय? (सहावीचा पेपर)

केळीवाला_यावल
नमस्कार मंडळी, गणितवाले कोणी असतील तर जरा सांगा, डोकं फिरलंय. माझी पोरगी सहावीला आहे, तिच्या चाचणीत गणित आलं होतं २०० − ८५ + १५ = ? तिने ८५ नि १५ शंभर केले, दोनशेतून शंभर गेले, उत्तर १००. मॅडमनी लाल पेनने मोठी फुली मारलीये नि शेजारी १३० लिहिलंय.

आता यात गंमत अशी की आदल्या रात्री मीच तिला बसवून शिकवलं होतं. पुस्तकात बेरजेचे गुणधर्म आहेत ना, क्रमनिरपेक्ष, साहचर्य, अविकारक वगैरे, तर ती म्हणे पप्पा हे काय ते समजत नाही. मी म्हणलं काही नसतं गं, सोपं आहे, आकडे उलटसुलट कर, कंस कुठेही टाक, उत्तर बदलत नाही. ८५ नि १५ ची जोडी तर समोर दिसते, तिने बरोब्बर तीच पकडली. वर आम्ही शाळेत कंचेभागुबेव घोकलंय (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रम), त्यात बे आधी नि व नंतर, म्हणजे त्या हिशोबानेही आधी बेरीजच. मग चूक कशी? मी रागारागात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेपरचा फोटो टाकून दिला, मॅडमचा रिप्लाय आला "कृपया शाळेत येऊन भेटावे". बस एवढंच.

दुसरा प्रश्न असा की हे गुणधर्म शिकवून फायदा काय? ३ + ५ आणि ५ + ३ सारखे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्याकडे केळी काट्यावर जाते तेव्हा वजनं वहीत खाली खाली लिहीत जातात, मी वरून बेरीज मारतो नि मुनीम ताळा म्हणून खालून वर मारत येतो, दोघांची जुळली की झालं. त्याला कोणी क्रमनिरपेक्ष म्हणत नाही. (मी बारावी आर्ट्स, आधीच सांगून ठेवतो.)

धुळ्याचा_राजा
कॅल्क्युलेटरवर टाका ना भाऊ, १३० येतं. मॅडम बरोबर आहेत, ग्रुपवरचा मेसेज आधी डिलीट करा 😄

केळीवाला_यावल
टाकलं होतं. १३० येतं ते दिसलं म्हणूनच तर विचारतोय, का येतं ते सांगा.

ताई_नंदुरबार
दादा मी घरी ट्यूशन घेते, पाचवी ते आठवी, ही चूक मला दर वर्षी दहा वहीत तरी दिसते तर तुमच्या लेकीला रागवू नका. आकडे बाजूला ठेवा. समजा ती २०० रुपये घेऊन सारंगखेड्याच्या जत्रेला गेली. पाळण्यात बसली, खाऊ घेतला, ८५ गेले. तिथे मामा भेटला, त्याने १५ दिले. आता तिच्याजवळ किती? ११५ नि १५, १३०. तुमच्या कंसाने काय झालं माहितीये का, ८५ नि १५ एकत्र करून दोन्ही वजा केले, म्हणजे मामाने दिले नाहीत, उलट पोरीच्या हातातून १५ काढून घेतले!

कंस टाकायला बंदी नाही पण कंसाच्या बाहेर वजाचं चिन्ह असेल तर आतलं सगळं त्याच्या तावडीत जातं. २०० − (८५ + १५) हे वेगळं गणित, २०० − ८५ + १५ हे वेगळं. तुम्ही जो नियम सांगितला तो फक्त बेरजेचा आहे हो, मध्ये वजाबाकी घुसली की तो तसाच लागू होत नाही. १० − ४ नि ४ − १० एक आहे का? नाही ना. आणि (२० − ८) − ५ किती, ७. २० − (८ − ५) किती, १७. वजाबाकीला क्रमही चालत नाही नि साहचर्यही चालत नाही.

केळीवाला_यावल
मामाचं पटलं ताई, पक्कं पटलं. पण मग कंचेभागुबेव खोटं का? त्यात बे आधी आहे.

निवृत्त_गुरुजी_अमळनेर
खोटं नाही, अर्धवट पाठ केलेलं आहे. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, चोपड्याकडच्या पाड्यांपासून पारोळ्यापर्यंत, आणि हे कंचेभागुबेव मीही फळ्यावर लिहिलेलं आहे, म्हणून माझाही थोडा गुन्हा आहे असं समजा.

बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर बसतात. दोघांत मोठं-लहान कोणी नाही, डावीकडून उजवीकडे जसे येतील तसे घ्यायचे. तरी तुम्हाला "बे आधी" च करायचं असेल तर करा, पण नीट करा. आधी बेरीज म्हणजे ज्यांच्या मागे अधिक आहे ते सगळे एकत्र करा. २०० च्या मागे चिन्ह नाही म्हणजे अधिकच. १५ च्या मागे अधिक. २०० + १५ = २१५. मग त्यातून ८५ काढा, १३०. आलं ना? तुमच्या लेकीने ८५ ला बेरजेत ओढलं, आणि ८५ च्या मागे तर वजा उभा आहे. चिन्ह हे पुढच्या आकड्याचं असतं, आकडा हलवला की चिन्ह त्याच्यासोबत हलतं, बैलासोबत कासरा जातो तसं. इतकं तिला सांगा, बाकी सगळं ती करेल.

यातच पुस्तकातला व्यस्त गुणधर्म दडलेला आहे. ८५ वजा करणे म्हणजे −८५ मिळवणे. एकदा असं म्हटलं की संपूर्ण गणित बेरजेचंच झालं, २०० + (−८५) + १५, आणि आता मात्र तुम्ही सांगितलेलं सगळं खरं, उलटसुलट करा, जोड्या लावा, काहीही करा. (−८५) + १५ = −७० घेतलं तरी २०० − ७० = १३० च येतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फायदा काय. भाऊ, शेंबड्या पोराला कळतं हे तुम्ही म्हणता, पण पहिलीच्या पोराला नाही कळत, मी बघितलंय. त्याला २ + ९ सांगा, ते दोन म्हणून पुढे नऊ बोटं मोजत बसतं, तीन चार पाच सहा... मध्येच हुकतं. आणि ज्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की नऊ धरून दोनच बोटं मोजली तरी चालतं त्या दिवशी ते पोर गालात हसतं. ते हसणं म्हणजे क्रमनिरपेक्षता. ० ते ९ पर्यंतच्या एकअंकी बेरजा मोजल्या तर शंभर होतात. उलटसुलट एकच धरली की ५५ उरतात. शून्याच्या दहा बेरजा तर पाठ करायच्याच नाहीत, शून्य मिळवलं की आकडा आहे तसाच राहतो (हाच तुमचा अविकारक), म्हणजे ४५. शंभराचं ओझं ४५ वर आलं, दोन गुणधर्मांत.

आणि ८ + ७ पोरं कशी करतात? सातातले दोन आठाला देतात, दहा झाले, उरले पाच, पंधरा. म्हणजे ८ + (२ + ५) चं (८ + २) + ५ केलं. हेच साहचर्य. तुम्ही उभी मांडणी करून ४७ नि ३८ मिळवता तेव्हा ४० + ७ + ३० + ८ मधले सात-आठ एका बाजूला, चाळीस-तीस एका बाजूला काढता, हातचा घेता, ती परवानगी तुम्हाला कोणी दिली? याच दोन गुणधर्मांनी. हातच्याची बेरीज करणारा प्रत्येक माणूस रोज ते वापरतो, फक्त नाव माहीत नसतं, तुमच्या मुनीमासारखं.

केळीवाला_यावल
गुरुजी दंडवत. बैल नि कासरा हे आजच सांगतो तिला. मी उगाच मॅडमवर घसरलो.

एमेस्सी_करतोय
गुरुजींनी भारी सांगितलं, फक्त एक ॲड करतो, a + b = b + a हे आपल्याला उघड वाटतं पण गणितात ते सिद्ध करावं लागतं!! १८६१ मध्ये ग्रासमान नावाच्या जर्मन माणसाने ते केलं, त्यानंतर १८८९ ला पेआनोने नैसर्गिक संख्यांचे नियम पद्धतशीर मांडले. बेरजेसाठी फक्त दोन गोष्टी धरायच्या, एक म्हणजे कुठल्याही संख्येत शून्य मिळवलं तर तीच संख्या, आणि दुसरी, a मध्ये "b च्या पुढची" मिळवली तर (a + b) च्या पुढची येते. एवढ्यावरून आधी साहचर्य, मग क्रमनिरपेक्ष असं इंडक्शनने (एका संख्येवरून तिच्या पुढच्या संख्येवर जात) निघतं. आम्हाला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा अख्खा वर्ग म्हणत होता की जे दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं.

निवृत्त_गुरुजी_अमळनेर
बाळा छान, पण सहावीच्या पोरीला हे सांगू नकोस, ती गणित सोडून देईल. तिला एका ओळीत पाच लाल नि तीन पांढरे खडे मांडून दे, एकदा या बाजूने मोजायला लाव, मग पलीकडे जाऊन बसायला लाव. ओळ तीच, पण तिकडून ती तीन नि पाच दिसते. बस.

ताई_नंदुरबार
हे खड्यांचं मी उद्याच करणार. आणि दादा, क्रम कुठे चालत नाही ते पण सांगा लेकीला, नाहीतर तिला वाटेल सगळ्या जगात उलटसुलट चालतं. मी पोरांना भरीताचं उदाहरण देते, वांगं आधी भाजायचं मग ठेचायचं. आधी ठेचून मग भाजून बघा, काय होतं ते. पोरं हसतात पण विसरत नाहीत.

धुळ्याचा_राजा
ताई भरीताचं नाव काढलं, आता रात्री कळण्याची भाकर नि भरीत पाहिजे. आमची आजी म्हणायची, तीन नि दोन काय नि दोन नि तीन काय, बठ्ठं एकच शे (सगळं एकच आहे). शाळेचं तोंड नाही पाहिलं तिने, पण सगळ्या गल्लीच्या दुधाचा हिशोब तोंडी.

जुना_मुनीम
मी या धाग्यावर उशिरा आलो पण माझ्या धंद्याची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. पोरीचं उत्तर १०० आलं, खरं १३०, फरक ३०. म्हणजे १५ च्या बरोब्बर दुप्पट. हे योगायोगाने नाही आलेलं. जमेचा आकडा चुकून नावे (म्हणजे वजा बाजूला) पडला की हिशोब त्या आकड्याच्या दुपटीने हुकतो, कारण जो मिळवायचा तो मिळवला नाही हा एक फरक नि वरून तो वजा केला हा दुसरा.

मी एका जिनिंगला होतो, कापसाचा सीझन, रोजचे पन्नास-साठ शेतकरी, रोजमेळ (दिवसाचा जमाखर्च) रात्री जुळवूनच घरी जायचं असा मालकाचा कायदा. एकदा ३,६०० ने जुळेना. साडेअकरा वाजले, दोन पोरं वरून खाली बेरजा मारताहेत, मी खालून वर, बेरीज तर प्रत्येक वेळी तीच येते. येणारच, क्रम बदलून बेरीज बदलत नाही, म्हणजे बेरजेत चूक नाहीच, चूक नोंदीत आहे. आमचे थोरले मुनीम होते ते चहा पित बसले होते, म्हणाले अरे अर्धा कर, १,८०० शोध. पाच मिनिटांत सापडलं, एकाने उचलीतले १,८०० परत आणून भरले होते नि आमच्या पोराने ते उचल म्हणूनच लिहिले होते. भरलेले पैसे त्याच्या नावावर अजून कर्ज म्हणून चढले! सकाळी तो आला असता तर काय तमाशा झाला असता.

दुसरं पण सांगून ठेवतो, फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेलेत का ते बघायचं. ७,५२० च्या जागी ७,२५० पडले तर फरक २७०, तीस नव्वे. म्हणजे ५ + २ नि २ + ५ सारखं असलं तरी ५२ नि २५ सारखे नाहीत, जागा बदलली की किंमत बदलते. केळीवाले भाऊ, तुमच्या काट्यावर वजनाची वही असेल ना, तिथे हेच जास्त होतं, घाईत.

केळीवाला_यावल
काका तुम्ही तर जादू सांगितली. मागच्या महिन्यात माझ्या बिलात ५४ किलोचा फरक होता, व्यापाऱ्याने सोडून दिला नि मीही सोडून दिला. ५४ म्हणजे सहा नव्वे. आता जुनी पावती शोधतो.

पुण्यातला_जळगावकर
मी आयटीत आहे, मजेची गोष्ट सांगतो, कॉम्प्युटर साहचर्य पाळत नाही! पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत (०.१ + ०.२) + ०.३ टाकलं तर ०.६००००००००००००००१ येतं आणि ०.१ + (०.२ + ०.३) टाकलं तर सरळ ०.६. कारण ०.१ हा आकडा दोनाच्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, आपल्याला एक तृतीयांश ०.३३३ करत कुठेतरी थांबावं लागतं तसं, मशीन पण कुठेतरी कापतं, नि कंस बदलला की कापायची जागा बदलते. क्रम बदलला तर मात्र उत्तर तेच, a + b नि b + a मध्ये तिथेही भांडण नाही. म्हणून पैशाचे सॉफ्टवेअर लिहिताना आम्ही रुपये न धरता पैसे धरतो, पूर्ण आकड्यात.

जुना_मुनीम
म्हणजे शेवटी मशीनपेक्षा आमचा मुनीम बरा 😀

चाळीसगाव_एक्सप्रेस
सगळे ग्रासमान नि पायथॉनवर गेले, घरचं कोणाला आठवलं नाही का? आपल्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या मठाचा शिलालेख आहे, १२०७ चा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता नि त्याला दान लावून दिलं होतं असं त्यात लिहिलंय. (हे चांगदेव वेगळे, मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं देऊळ आहे ते योगी चांगदेव वेगळे, दर वेळी लोक घोळ घालतात.)

तर मुद्दा असा की भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथात, म्हणजे ११५० साली, बेरजेचा नियम एका ओळीत दिलाय, अंक जागच्या जागी मिळवायचे, क्रमाने मिळवा नाहीतर उलट्या क्रमाने. उलट्या क्रमाने चालतं हे स्वतंत्र सांगितलंय बघा! आणि त्यानंतर लगेच लीलावती नावाच्या मुलीला विचारलेलं उदाहरण आहे, २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग, नि ती १०,००० मधून वजा कर. भाऊ तुमच्या पोरीला हे द्या, पण मांडणी करायची नाही, तोंडी.

एमेस्सी_करतोय
वा हे माहीतच नव्हतं. आणि आकडे बघा, मुद्दाम निवडल्यासारखे आहेत, ३२ नि १८ पन्नास, १९३ ला ५ नि २ दिले की दोनशे, राहिले ११०. ३६०.

धुळ्याचा_राजा
अरे उत्तर कशाला फोडलं, पोरगी वाचत असेल तर

केळीवाला_यावल
नाही वाचली, मोबाईल माझ्याकडे होता. आत्ताच जेवताना विचारलं. आकडे सांगितले, ती ताटातल्या भाकरीकडे बघत बसली, मला वाटलं गेलं. मग म्हणे पप्पा परत सांगा, परत सांगितले, पहिले तिने १९३ नि ५ नि २ उचलले, दोनशे. मग बत्तीस-अठराला हात घातला. ३६० बरोबर आलं, एमेस्सीवाल्या भाऊच्या थोडं वेगळ्या रस्त्याने.

मग म्हणलं दहा हजारातून वजा कर. मी मनात करत होतो, शून्यं आली की मला हातचे उसने घ्यायला वेळ लागतो, माझं व्हायच्या आत ती ९,६४० म्हणून मोकळी. मी म्हणलं कसं केलं. तर म्हणे दहा हजारातला एक बाजूला ठेवला, ९,९९९ मधून ३६० काढले, उसने घ्यावं लागत नाही, ९,६३९, मग बाजूचा एक परत टाकला. मी विचारलं हे मॅडमनी शिकवलं का, नाही म्हणे. मम्मीने? मम्मी म्हणे मी नाही बाई.

२०० − ८५ + १५ पण परत दिलं, या वेळी २१५ करून ८५ काढले. ग्रुपवरचा मेसेज आता डिलीट होत नाहीये, वेळ निघून गेली म्हणे, एकेचाळीस जणांनी बघितलाय. सोमवारी शाळेत जाऊन येतो. जुन्या पावत्या सापडल्या, ५४ किलोवाल्या दिवशी एका गाडीची नोंद वहीत २८२ आहे नि पावतीवर २२८.

जुना_मुनीम
पावती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. आज काय भाव निघाला केळीचा?